वर्तनाच्या गंभीर त्रासामुळे रेस्क्यू कुत्र्याला निरोप देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा दत्तक कुत्र्यांबद्दल आहे, जे शरीराने धडधाकट दिसतात पण भीतीने किंवा आक्रमकतेने स्वतः पिचलेले असतात आणि घरातल्यांनाही त्यांच्यापासून धोका असतो. म्हातारपण किंवा असाध्य आजार हे कारण असेल, तर निरोपाच्या दिवसाबद्दलचे प्रश्न तुम्हालाही उपयोगी पडतील; निर्णयाबद्दलचे मात्र वेगळे असतात. इथल्या सगळ्या उत्तरांमागे आमचं म्हणणं एकच आहे: ज्याचं आयुष्य भीतीत गेलं, त्याचा शेवटचा तास तरी भीतीचा नसावा. हे आधी ठरवून केल्याशिवाय जमत नाही. या पानावर 'निरोप' म्हणजे पशुवैद्याने इंजेक्शन देऊन आणलेला वेदनारहित मृत्यू.

आजारी नसलेल्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन निरोप देणं योग्य ठरू शकतं का?

हो, काही वेळा. सतत भीतीत जगणारा मेंदू हाही आजारीच असतो, फक्त तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. पिल्लाच्या वयाच्या साधारण ३ ते १४ आठवड्यांत माणसं, आवाज, स्पर्श यांची ओळख झाली नाही, आईच गर्भारपणात उपाशी आणि घाबरलेली असली, किंवा रक्तातच अतिभित्रेपणा असला, तर नंतरचं प्रेम ती सगळी पोकळी भरून काढू शकत नाही. बरेच रेस्क्यू कुत्रे सावरतात. काही नाही सावरत. न सावरलेल्यांच्या घरात प्रेम कमी पडलं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

निर्णयाआधी काय तपासून घ्यायलाच हवं?

सगळ्यात आधी वेदना. वर्तनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्राण्यांमध्ये वेदनेचा वाटा किती, यावर पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञ डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लेख लिहिला. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी सावध अंदाजानेही जवळपास एक तृतीयांशांना काही ना काही दुखणं असतं, असं त्यांनी मांडलं. म्हणून डॉक्टरांना नुसतं "चावतो" असं सांगू नका. कुठे हात लागल्यावर चावतो, झोपेतून उठवल्यावर चावतो का, जिना चढताना थबकतो का, एकाच कुशीवर बसतो का, एखादी जागा सारखी चाटतो का, हे सांगा. घरी चालतानाचा, उठतानाचा, जिन्यावरचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणंही लपवतो.

तपासणीत पुढच्या गोष्टी याव्यात: भूल देऊन नितंब, गुडघे आणि पाठीच्या कण्याचे एक्स-रे, दात आणि कान, डोळे, रक्त, लघवी आणि थायरॉईड. काही सापडलं नाही आणि तरी शंका असली, तर वेदनाशामक औषध काही आठवडे देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहतात. मोठ्या वयाच्या शांत कुत्र्यात आक्रमकता अचानक आली असेल, तर मेंदूतली गाठ, अपस्मार (फिट येणं), दृष्टी किंवा ऐकू येणं कमी होणं याही दिशा पाहायला हव्यात. आणि रेबीज ज्या भागात आहे तिथे, अचानक बदललेल्या वागण्यात रेबीजचा विचार सर्वात आधी.

औषधं आणि प्रशिक्षण यांना किती वेळ द्यायचा?

फ्लुऑक्सेटीनसारखं चिंता कमी करणारं रोजचं औषध ४ ते ६ आठवड्यांनी काम करू लागतं. ८ आठवड्यांच्या आत "उपयोग नाही" म्हणून सोडलं, तर त्याची परीक्षाच झाली नाही असं समजा. सुरुवातीला भूक मंदावते. क्वचित कुत्रा जास्त अस्वस्थही होतो, तसं झालं तर लगेच कळवा. हे औषध चालू असताना अमिट्राझ असलेला गोचिडांचा पट्टा किंवा धुण्याचं औषध वापरू नये. कोणतंही रोजचं औषध एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं.

प्रशिक्षण म्हणजे इथे भीती वाटणाऱ्या गोष्टीशी चांगला अनुभव जोडणं, आणि तेही कुत्रा अजून खाऊ शकतो इतक्या अंतरावरून. झटका देणारे पट्टे, खेचून दाबणं, गुरगुरल्यावर ओरडणं यांनी फक्त इशारा बंद होतो. मग कुत्रा न गुरगुरता चावतो, आणि लोक म्हणतात, "काहीच कारण नसताना चावला."

मात्र मुलाला खोल चावा बसला असेल, तर एवढे महिने थांबायचं बंधन कुणावरही नाही.

चावा किती गंभीर आहे हे कसं ठरवायचं?

पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ इयन डनबर यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. पहिलीत कुत्रा अंगावर येतो, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात, पण कातडीला भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं, पण कुठलंही सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नाही. चौथीत निदान एक भोक त्याहून खोल असतं, भोवती काळंनिळं पडलेलं असतं कारण कुत्र्याने धरून ठेवलं, किंवा झटकल्याने कातडी फाटलेली असते. पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू.

पहिल्या दोन पायऱ्यांवर सुधारणेची आशा चांगली असते. तिसरीत मेहनत खूप आणि जोखीम खरी. चौथीपासून पुढे कुत्र्याने दाताचा जोर आवरायला शिकलेलं नाही आणि मोठ्या वयात ते शिकवताही येत नाही.

पायरीइतक्याच महत्त्वाच्या आणखी तीन गोष्टी पाहा. आधी ओळखू येतं का? म्हणजे अंग ताठणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ओठ चाटणं, गुरगुरणं यातलं काही घडतं की एका क्षणात हल्ला होतो? कारण टाळता येण्याजोगं आहे का? "नखं कापताना" हे टाळता येतं. "कुणी खोलीत चालत आलं की" हे टाळता येत नाही. आणि घरात कोण आहे? तोच चावा मोठ्या माणसाच्या हाताला बसतो आणि लहान मुलाच्या चेहऱ्याला किंवा मानेला.

जाळी, कुलूप, मझल (चावू नये म्हणून तोंडाला बांधायचं साधन) लावून सांभाळता येणार नाही का?

काही घरांत येतं. एकटं राहणारं, येणंजाणं कमी असलेलं, मुलं नसलेलं घर असेल तर वर्षानुवर्षं जमतं. पण साधा हिशेब करा. कुत्रा आणि धोक्याच्या मधलं दार दिवसातून २० वेळा उघडत असेल, तर वर्षात ७,३०० वेळा उघडेल. घरातल्या सगळ्यांनी मिळून ९९.९ टक्के वेळा ते नीट लावलं, तरी ७ वेळा ते उघडं राहील. म्हणून एकावर कधीच विसंबायचं नाही: दोन दारं, त्याशिवाय पट्टा, त्याशिवाय मझल. एवढं करूनही एका चुकीची किंमत कुणाचा चेहरा असेल, तर ही व्यवस्था पुरेशी नाही.

त्यापलीकडचा प्रश्न कुत्र्याच्या बाजूचा आहे. एका खोलीत, फिरणं नाही, पाहुणे आले की कोंडणं, घरातल्यांचा सतत ताणलेला आवाज. असं जगणं त्याला कसं वाटत असेल हे प्रामाणिकपणे विचारा.

त्याला दुसऱ्या घरी किंवा संस्थेकडे देता येईल का?

आधी दत्तक करार काढून वाचा. कुत्रा ठेवणं जमलं नाही तर तो संस्थेलाच परत करायचा, अशी अट बऱ्याच करारांत असते. निर्णयाआधी त्यांना लेखी कळवा. कधीकधी त्यांच्याकडे खरोखर योग्य घर असतं, विशेषतः अडचण फक्त मुलांची किंवा दुसऱ्या कुत्र्याची असेल तेव्हा.

दुसऱ्या कुणाला देताना प्रत्येक चावा, तारीख आणि जखमेच्या फोटोसकट सांगायचा. हे ऐकल्यावर घेणारं कुणी उरत नसेल, तर उत्तर मिळालंच. न सांगता देणं म्हणजे पुढचा चावा अनोळखी कुटुंबाच्या अंगावर ढकलणं, आणि तो झाल्यावर कुत्र्याचा शेवट अनोळखी हातांत, गडबडीत होणार. मोठ्या आवारात आयुष्यभर सांभाळणाऱ्या जागा खूप कमी आहेत. माणसांची भीती असलेला कुत्रा तिथे बहुतेक वेळ पिंजऱ्यातच राहतो, आणि एकटेपणाने तो आणखी ढासळू शकतो.

पण दिवसातला बहुतेक वेळ तो किती गोड असतो!

असतोच. हे दोन्ही एकाच कुत्र्यात असतात, आणि म्हणून तर हा निर्णय इतका जड जातो. मन रोज वेगळं बोलतं, तेव्हा वहीचा आधार घ्या. चार आठवडे रोज तीन ओळी लिहा: आज किती वेळ तो सैल पडून झोपला, किती वेळा दचकला किंवा अंगावर गेला, आणि घरातल्या कुणाला आज त्याची भीती वाटली का. महिन्याने ही पानं डॉक्टरांपुढे ठेवा. एखाद्या चांगल्या संध्याकाळी किंवा एखाद्या वाईट सकाळी निर्णय घेण्यापेक्षा हे बरं.

घरात एकमत होत नाही.

जो रोज त्याला फिरवतो आणि ज्याला तो चावला, या दोघांचं म्हणणं एकाच बैठकीत, शक्यतो डॉक्टरांसमोर व्हावं. घरातल्या एकालाही स्वतःच्या घरात सुरक्षित वाटत नसेल, तर ते मत बहुमताने खोडून काढायचं नसतं. आणि अपॉइंटमेंट कुणाच्याही पाठीमागे घेऊ नका. त्यातून आलेली कटुता फार वर्षं टिकते.

त्याने नुकतंच कुणाला चावलं आहे. लगेच निरोप द्यावा का?

आधी जखम. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. रेबीज असलेल्या भागात जखमी माणसाची लस सुरू करायला कुत्र्याचं काय होतं याची वाट पाहायची नाही.

कुत्र्याला साधारणपणे १० दिवस निगराणीखाली ठेवतात. चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर या मुदतीत लक्षणं दिसतात किंवा मृत्यू येतो. मुदतीआधी कुत्रा गेला किंवा त्याला निरोप द्यावा लागला, तर मेंदूची तपासणी करावी लागू शकते. त्यासाठी डोकं शाबूत हवं आणि शरीर थंड ठेवायचं, गोठवायचं नाही. पुरल्यावर किंवा दहन झाल्यावर ही तपासणी होत नाही, म्हणून चाव्याची गोष्ट पशुवैद्यांना इंजेक्शनच्या आधी सांगा, नंतर नाही. नियम जागोजागी वेगळे असतात; स्थानिक पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

डॉक्टर नाही म्हणाले तर?

ओळख नसलेले डॉक्टर पहिल्याच भेटीत तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वही, चाव्यांची यादी, जखमांचे फोटो, घेतलेली औषधं आणि किती आठवडे घेतली, प्रशिक्षकाचं मत असं सगळं एकत्र न्या. तरीही त्यांच्या मनाला पटत नसेल, तर वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे पाठवा असं म्हणा. घरी स्वतः गोळ्या देऊन हे करण्याचा विचार मनात आणू नका; त्यात हाल होतात, मृत्यू खात्रीचा नसतो आणि तो गुन्हाही ठरू शकतो.

घाबरणाऱ्या, चावणाऱ्या कुत्र्यासाठी त्या दिवसाची तयारी कशी करायची?

इथे वेळ घाला. बहुतेक वाईट आठवणी इंजेक्शनच्या नसतात, त्याआधीच्या अर्ध्या तासाच्या असतात: झटापट, चौघांनी दाबून धरणं, किंचाळणं.

पहिलं काम, मझलची सवय. कापडी पट्टी नको; तोंड उघडून धापा टाकता येतील अशी जाळीची मझल हवी. आत चाटायला काहीतरी मऊ लावा आणि त्याला स्वतः नाक घालू द्या. बांधायची घाई नको. आधी काही सेकंद, मग अर्धा मिनिट, मग बांधून एक मिनिट, मग बांधून फिरायला. दोन-तीन आठवडे मिळाले तर उत्तम. मझल फक्त दवाखान्याच्या दिवशी चढवली, तर तीच धोक्याची घंटा होते.

दुसरं, भीती कमी करणारी, तोंडाने द्यायची औषधं. गॅबापेंटिन आणि ट्राझोडोन ही जोडी खूप वापरली जाते: एक मात्रा आदल्या रात्री, दुसरी निघण्याच्या साधारण दोन तास आधी. मात्रा वजनावरून डॉक्टरच ठरवतात. त्याच मात्रेची रंगीत तालीम काही दिवस आधी एका निवांत दुपारी घरी करा, कारण काही कुत्रे सुस्त होण्याऐवजी बेचैन होतात आणि ते आधी कळलेलं बरं. माणसांचं पातळ गॅबापेंटिन देऊ नका. काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. नुसतं एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध दिलं तर अंग ढिलं पडतं, भीती मात्र तशीच राहते. डॉक्टरांनी तेवढंच सुचवलं तर सोबत आणखी काही देता येईल का ते विचारा.

तिसरं, जागा. घर हे नेहमीच सर्वात शांत ठिकाण असतं असं नाही. ज्या कुत्र्याला घरात अनोळखी माणूस सहन होत नाही, त्याच्यासाठी गाडीची मागची सीट किंवा दवाखान्याबाहेरची मोकळी, निर्जन जागा बरी. दवाखान्यातच करायचं असेल, तर दिवसाची शेवटची वेळ घ्या, गाडीतच थांबा, मागच्या दाराने आत जा आणि निसरड्या फरशीवर त्याचीच सतरंजी अंथरा. सह्या, पैसे, अंत्यविधीचा निर्णय आदल्या दिवशी उरका.

चौथं, पहिलं, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन कोण, कुठून देणार हे ठरवा. तुम्ही समोर उभे राहून मझलमधून खाऊ चाटवायचा, पट्टा आखूड धरायचा आणि डॉक्टरांनी मागून मांडीच्या स्नायूत सुई द्यायची. कुत्रा दार आणि भिंतीच्या कोनात उभा असला तर मागे वळू शकत नाही.

नेमकं काय काय होतं?

मांडीतल्या सुईने क्षणभर चुरचुरतं. ५ ते १५ मिनिटांत तो डुलू लागतो, बसतो, आडवा होतो. या वेळात दिवे मंद, आवाज बंद, आणि त्याला सारखं हलवू नका. घाबरलेल्या कुत्र्याच्या अंगात ताणाची रसायनं इतकी असतात की मात्रा कमी पडू शकते. मग दुसरी देतात आणि पुन्हा थांबतात. काही औषधांनी उलटी होते. झोपलेला दिसणारा कुत्रा या टप्प्यावर आवाजाने किंवा स्पर्शाने दचकून चावू शकतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत मझल काढायची नाही. पंजा चिमटल्यावर तो मागे घेत नाही, पापणी हलत नाही, इतकी गुंगी आली की मझल काढतात. मग जवळ बसा, डोकं मांडीवर घ्या. खूप वर्षांत त्याला असं निर्धास्त कुणी धरलेलं नसेल.

त्यानंतर पायाचे थोडे केस काढून शिरेत कॅथेटर (बारीक नळी) लावतात आणि पेंटोबार्बिटाल देतात. हे भुलीचंच औषध, फार मोठ्या मात्रेत. शुद्ध काही सेकंदांत हरपते, मग श्वास थांबतो, आणि काही मिनिटांत हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोपने बराच वेळ ऐकून खात्री करतात.

आधी माहीत असलेलं बरं: डोळे उघडेच राहतात. लघवी किंवा शी होऊ शकते, खाली जाड कापड ठेवा. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तो परत येत नसतो आणि त्याला काही जाणवत नसतं.

मी शेवटपर्यंत थांबलंच पाहिजे का?

पूर्ण गुंगी येईपर्यंत थांबा, कारण तोवर त्याला तुमचा वास आणि आवाज कळतो. त्यानंतर बाहेर गेलात तरी चालेल.

शेवटच्या दिवशी काय करावं?

त्याला जे आवडतं ते, तुम्हाला जे सुंदर वाटतं ते नव्हे. माणसांना घाबरणाऱ्या कुत्र्याला निरोपाची गर्दी, फोटो, अनोळखी मिठ्या हा जाच असतो. पहाटे निर्मनुष्य वाटेवर लांब पट्ट्याने हुंगत फिरणं, आवडतं खाणं थोडं थोडं, उन्हात झोप. पोट तुडुंब भरू नका, उलटीचा त्रास होतो.

शरीराचं काय?

पेंटोबार्बिटाल शरीरात टिकून राहतं. उथळ पुरलेलं शरीर इतर प्राण्यांनी उकरून खाल्लं तर तेही दगावतात. म्हणून दहन सर्वात सुरक्षित. पुरायचं असेल तर परवानगी आहे का ते पाहा, विहीर आणि वाहत्या पाण्यापासून दूर, पुरेसं खोल.

मुलांना काय सांगायचं?

खरं, थोडक्यात, ठाम शब्दांत. "मोत्याच्या मेंदूला असा त्रास होता की तो खूप घाबरायचा आणि चावायचा. डॉक्टरांना तो बरा करता आला नाही. आम्ही मोठ्यांनी ठरवलं आणि डॉक्टरांच्या मदतीने तो दुखल्याशिवाय मेला. तो परत येणार नाही." "झोपवलं" म्हटलं की लहान मुलं रात्री झोपायला घाबरतात, "शेतावर पाठवलं" म्हटलं की ती वाट पाहत राहतात. ज्या मुलाला चावा बसला त्याला वेगळं बसवून सांगा: यात तुझी काहीही चूक नाही, हा निर्णय तुझ्यामुळे झाला नाही. हे एकदा सांगून भागत नाही.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला शरीर दाखवावं का?

दाखवलं तर चालतं. तो हुंगेल किंवा ढुंकूनही पाहणार नाही, जबरदस्ती नको. पुढचे काही आठवडे तो कमी खाऊ शकतो, दाराशी बसू शकतो. काही कुत्रे उलट मोकळे होतात, कारण तेही इतके दिवस दबून होते.

मला दुःखाबरोबर सुटल्यासारखंही वाटतंय. हे बरोबर आहे का?

हो. महिनोन्महिने प्रत्येक दाराचा आवाज ऐकून दचकणारं शरीर सैल पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. प्रेम कमी होतं असा नाही. समाजात ज्या दुःखाला जागा मिळत नाही त्याविषयी दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. हे दुःख त्याच जातीचं. म्हातारा कुत्रा गेला तर लोक भेटायला येतात, इथे "आणखी थोडं थांबायला हवं होतं" असं ऐकवतात. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. "तो खूप आजारी होता, डॉक्टरांच्या सल्ल्याने निरोप दिला" हे पूर्ण खरं वाक्य आहे. मनातलं मात्र निदान एकाजवळ बोला. झोप, खाणं, काम अनेक आठवडे बिघडलेलं राहिलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर समुपदेशकाकडे लगेच जा.

उरलेली कामं कोणती?

मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपच्या) नोंदीत आणि परवान्यात मृत्यू नोंदवा, नाहीतर लसीची आठवण करून देणारे निरोप येत राहतात. संस्थेला कळवा; त्याच्या भावंडांना दत्तक घेणाऱ्यांसाठी ही माहिती मोलाची असते. उरलेली औषधं दवाखान्यात परत द्या, दुसऱ्या कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नका. मझल आणि जाळ्या धुऊन प्रशिक्षकाला दिल्या, तर दुसऱ्या घराला कामी येतात. पट्टा आणि सतरंजी कधी हलवायची, याला मुदत नाही.